शँटी: शिडाच्या जहाजांवर दोर ओढताना म्हणायची गाणी

गलबत

२०२१च्या जानेवारीत 'वेलरमन' मोबाइलवर घरोघरी वाजलं आणि 'सी शँटी' हे नाव आपल्याकडेही पोचलं. तेव्हापासून शँटी म्हणून यूट्यूबवर जे ऐकायला मिळतं ते बहुतेक पबमध्ये, टेबलावर ताल धरून, चार-पाच आवाजांच्या सुरेल मेळात म्हटलेलं असतं. गोड लागतं, मीही आवडीने ऐकतो. पण त्यात दोर नसतो. दोर काढून घेतला की शँटीची ओळ तेवढीच का, ध्रुवपद तिथेच का, मधेच तो लांब हेल का, यातलं काहीच उलगडत नाही. म्हणून हा धागा.

खलाशी दोन प्रकारची गाणी म्हणायचे. एक कामानंतरची: डेकच्या पुढच्या भागात बसून म्हणायची लांबलचक कथागीतं. लढाया, बुडालेली जहाजं, बंदरातल्या बायका, घरची आठवण. ती कुणीही, कशीही, कितीही वेळ म्हणावीत. दुसरी कामाच्या वेळची, ती शँटी. तिला कामाचं माप असे. एक जण ओळ टाकायचा, बाकीचे ध्रुवपद उचलायचे आणि त्या ध्रुवपदावरच हात चालायचे. ओळ टाकणाऱ्याला शँटीमन म्हणत. त्याचा हुद्दा नसे, वेगळा पगार नसे, पण चांगला शँटीमन असलेल्या तुकडीचं काम झरझर उरकतं हे कप्तानालाही ठाऊक असे.

ही गाणी बहरली ती साधारण १८२० ते १८८० या काळात, आणि मुख्यतः व्यापारी जहाजांवर. याचं कारण रोख हिशेबाचं आहे. ५ जानेवारी १८१८ला ब्लॅक बॉल लाइनचं 'जेम्स मन्रो' हे जहाज न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालं. माल भरो न भरो, हवा कशीही असो, जाहीर केलेल्या तारखेला सुटायचं, हा त्या कंपनीचा नवा बाणा होता. मग चुरस लागली. जहाजं मोठी झाली, शिडं वाढली, वेळेचा धाक आला, आणि मालकांनी माणसं मात्र कमीत कमी ठेवली. कटी सार्क हे १८६९चं क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, घ्या. ३२,००० चौरस फूट शिडं, सुमारे ११ मैल दोरखंड, आणि हे सगळं हाताळायला तीस-एक माणसं. तीस माणसांकडून शंभरांचं काम काढायचं तर तिसांनी एकाच क्षणी ओढलं पाहिजे. तो क्षण गाण्याने ठरवून दिला.

प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. शीड वर चढवायच्या दोराला हॅलयार्ड म्हणतात, त्याची शँटी वेगळी. नांगर उचलायला कॅप्स्टन फिरवायचं, त्याची वेगळी. पंपाची वेगळी. गुंडाळलेलं शीड काठीवर उचलून टाकायचं काम मोजून एका हिसक्याचं, त्याचीसुद्धा वेगळी: 'पॅडी डॉइल'. एक-दोन कडव्यांत कामच संपायचं. ज्यांनी प्रत्यक्ष दोर ओढलाय त्यांनी कृपया भर घालावी.

मिडलवॉच

उत्तम धागा. नोकरीची सगळी वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. वाफेच्या आणि डिझेलच्या जहाजांवर, त्यामुळे शँटी म्हणून दोर ओढला असं म्हणणार नाही. पण जाड दोर हाताने ओढण्यात काय असतं ते माहीत आहे, तेवढं लिहितो.

डोलकाठीवर आडव्या काठ्या असतात, त्यांना यार्ड म्हणतात. शीड त्यांना बांधलेलं. कटी सार्कचं सर्वांत खालचं मोठं यार्ड ७८ फूट लांब आहे. ते जागेवरच असतं, पण त्याच्या वरच्या शिडांची यार्डं शीड लावताना दर वेळी ओढून वर न्यावी लागतात. डेकवर दहा-बारा माणसं दोराला ओळीने लागणार. आता समजा एकाने अर्धा सेकंद आधी ओढलं. त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन त्याच्या एकट्याच्या खांद्यावर. दोर हलत नाही, त्याचा दम मात्र जातो. उशिरा ओढणाऱ्याला सैल दोर मिळतो, म्हणजे त्याचं बळ फुकट. ओल्या दोरावर, कललेल्या डेकवर, रात्री दोन वाजता तोंडं दिसत नसताना हे जुळवायचं कसं? डोळ्यांनी जुळत नाही. कानांनी जुळतं.

हॅलयार्डच्या शँटीत शँटीमनची ओळ चालू असते तेव्हा कुणी ओढत नाही. ती श्वास घ्यायची आणि हात पुढे सरकवून पकड बदलायची वेळ. ध्रुवपद आलं की दोन ओढी. परत त्याची ओळ, परत विश्रांती. म्हणजे ती ओळ ऐकण्यासाठी कमी आणि दम खाण्यासाठी जास्त. वजन फारच असेल तर दोनऐवजी एकच ओढ, ओळीच्या शेवटच्या शब्दावर. 'हॉल ऑन द बोलिन' ही तशी. शेवटच्या 'हॉल'वर सगळे अंग टाकतात.

कॅप्स्टनचं उलट आहे. उभ्या पिंपाला आडवे दांडे लावायचे आणि छातीने ढकलत गोल चालायचं. इथे हिसका नाही, चाल आहे. म्हणून त्या शँटींची ध्रुवपदं लांब, चालण्याच्या ठेक्यातली. तळ चिखलाचा असेल, साखळी लांब सोडलेली असेल तर नांगर वर यायला तास-दोन तास सहज जात. तेवढा वेळ पुरेल असं गाणं लागतं, त्यामुळे थोडी कथा, थोडं दुःख, बायकोचा निरोप असं सगळं त्यात शिरतं. 'शेनँडोआ' इतकं संथ आणि आर्त का, तर ते चालत म्हणायचं आहे.

गलबत

मिडलवॉच, मनापासून आभार. 'ती ओळ दम खाण्यासाठी' हे एकदम नेमकं आलं. एक जोडतो. काम कधी संपणार हे शँटीमनच्या हातात नसे. यार्ड जागेवर पोचलं की मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, ओरडायचा, की ओळ अर्धी असली तरी गाणं तिथेच तुटायचं. त्यामुळे हॅलयार्डच्या शँटींना पक्का शेवट नाही. कथेची कडवी संपली आणि काम उरलंय, तर शँटीमन जागच्या जागी कडवी रचायचा: आजचं जेवण, स्वयंपाकी, मेटचं नाक, पुढचं बंदर. पुस्तकात छापलेली पाच कडवी हा त्या गाण्याचा एका दिवशीचा एक फोटो समजा.

खाडीकाठ

वाचतोय. शंका: नौदलातही शिडं होतीच की. मग 'मुख्यतः व्यापारी जहाजांवर' का?

गलबत

खाडीकाठ, ब्रिटिश नौदलात काम करताना गाण्याला मनाई होती. हुकूम ऐकू आला पाहिजे, म्हणून शांतता. ओढ जुळवायला बोसनची, म्हणजे डेकवरच्या मुकादमाची, शिटी, आणि कॅप्स्टनवर चालायला फिडल किंवा बासरी वाजवणारा. शिवाय त्यांच्याकडे माणसांची वाण नव्हती. तोफा चालवायच्या म्हणून माणसं भरलेली असत. ट्रफाल्गरच्या लढाईत 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवर आठशेच्या वर माणसं होती. त्यांना बळ वाचवायची गरज कमी.

उत्तरवारा

यावरून आठवलं. मी इंग्लंडच्या ईशान्येला राहतो, इथून हार्टलपूल जवळ आहे. तिथे 'एचएमएस ट्रिंकोमाली' उभं आहे. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत, मलबारी सागवानाचं बांधलेलं. आजही तरंगतं आहे. मी त्याच्या डेकवर उभा राहिलो तेव्हा मुंबईच्या सुतारांनी कापलेलं लाकूड पायाखाली आहे या जाणिवेने अंगावर शहारा आला होता. कॅप्स्टन आहे, दांडे बसवायच्या खोबणी आहेत. गलबत म्हणतात ते लक्षात घेतलं तर याच्यावर शँटी नाही, फिडल वाजत असणार. पुढच्या वेळी त्या जागी उभं राहून तो विचार करीन.

पाऊलखुणा

आमच्या आजोळी शेतावर भलरी म्हणायचे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी 'भलगडी दादा' म्हणत उचलायची. मला ते आणि हे एकच वाटतंय.

स्वरवेडी

पाऊलखुणा, सांगाडा एकच आहे: एकाची हाक, सगळ्यांची साद. पण भलरीत विळा प्रत्येकाचा आपापला, कुणी पाव क्षण मागे राहिला तर बिघडत नाही. दोर सगळ्यांचा एक आहे. म्हणून शँटीत 'सगळ्यांनी नेमकं कुठे' हे ठरलेलं असतं, अगदी कुठल्या अक्षरावर ते सुद्धा.

आणि ही हाक-साद तिथे आली कुठून, हा माझ्या लेखी या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. शँटी म्हटलं की डोळ्यांसमोर दाढीवाला आयरिश किंवा इंग्लिश खलाशी येतो. पण शँटीची घडण मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय कामगारांची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला मोबील आणि न्यू ऑर्लिन्स ही कापसाची बंदरं. तिथे कापसाच्या गाठी जहाजाच्या पोटात नुसत्या रचत नसत, मोठ्या स्क्रूने दाबून दाबून ठासत, म्हणजे जास्त माल मावे. फार जड, घुसमटीचं काम. तिथल्या बंदरांवरच्या आणि नद्यांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांची, त्यांतले कितीतरी गुलामगिरीतले, कामाची गाणी आधीपासून होती. उत्तर अटलांटिकवरचे खलाशी हिवाळ्यातली थंडी आणि वादळं चुकवायला या बंदरांत यायचे, गाठी ठासायच्या कामाला लागायचे, कारण मजुरी बोटीपेक्षा बरी. वसंतात परत जहाजावर जाताना गाणी बरोबर न्यायचे.

चार्ल्स नॉर्डहॉफ नावाच्या खलाशाने १८४०च्या दशकातलं मोबीलचं काम पुढे लिहून ठेवलंय. टोळीचा म्होरक्या तोच गाणारा, तो ओळ म्हणतो, बाकीचे ओळीच्या शेवटी साद देतात आणि ती साद संपता संपता स्क्रूचा दांडा ओढतात. वर मिडलवॉच यांनी सांगितलेलं हॅलयार्डचं तंत्र आणि हे शेजारी ठेवून बघा.

खाडीकाठ

पण चाली तर आयरिश वाटतात. कितीतरी गाण्यांत लिव्हरपूल, डब्लिन, पॅडी, असंच आहे.

स्वरवेडी

चाली पुष्कळशा आहेतच आयरिश आणि इंग्लिश. १८४५नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून माणसांचे लोंढे निघाले, त्यांतले अनेक लिव्हरपूल-न्यूयॉर्क जहाजांवर खलाशी झाले. ते आपल्या चाली, आपली विनोदी कडवी घेऊन आले. त्यातच गावोगावच्या रंगमंचावर चालणारी गाणी मिसळली. कुठलं किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते चालू राहतील. पण 'ओळ-साद-ओढ' ही बांधणी अटलांटिकच्या कृष्णवर्णीय कामगारांकडून आली, हे बाजूला ठेवून शँटीचा इतिहास सांगणं मला अन्यायाचं वाटतं. जहाजांवर एक पाळी गोऱ्यांची आणि एक काळ्यांची अशा तुकड्याही असत. गाणी पाळीपाळीने एकमेकांच्या कानावर पडत. स्टॅन ह्युगिल, ज्याला शेवटचा कामाचा शँटीमन म्हणतात, त्याने आपल्या उत्तमोत्तम शँटी कुणाकडून मिळाल्या ते नावानिशी नोंदवलंय. त्यात बार्बेडोसचा हार्डिंग हा कृष्णवर्णीय शँटीमन फार वरच्या जागी आहे.

आणि ही परंपरा शिडांबरोबर संपलीही नाही. नॉर्थ कॅरोलायनात ब्यूफर्टला मेनहेडन मासा धरणारे कृष्णवर्णीय कोळी जड जाळं हाताने वर ओढताना अशीच गाणी म्हणत. जाळं ओढायची यंत्रं आली तशी, विसाव्या शतकाच्या मध्यावर, ती थांबली.

निमा

हा भाग कुठेच वाचला नव्हता. धन्यवाद स्वरवेडी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गलबत

स्वरवेडी, तुमच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. धाग्याच्या वरच्या भागात मी मालकांच्या हिशेबाचं लिहिलं, त्याची दुसरी बाजू तुम्ही मांडली.

आता खलाशांच्या पैशांबद्दल, कारण त्यावरही एक शँटी आहे आणि त्याभोवती पूर्ण विधी आहे. जहाजावर चढताना खलाशाला एक महिन्याचा पगार आगाऊ मिळे. तो त्याच्या हाती फारसा लागत नसे. बंदरातल्या खाणावळवाल्याची उधारी, दारू, कपडे यांत आधीच गेलेला. कित्येकदा खाणावळवालाच त्याला जहाजावर पोचवून पैसे परस्पर उचलायचा. म्हणजे समुद्रावरचा पहिला महिना माणूस फुकट राबायचा. या महिन्याला ते 'मेलेला घोडा' म्हणत: मेलेल्या घोड्यासाठी राबतोय. महिना भरला की पेंढा आणि फाटक्या कॅनव्हासचा घोडा करायचे, डेकवरून ओढत मिरवायचे, 'पुअर ओल्ड हॉर्स' म्हणत दोराने वर यार्डच्या टोकापर्यंत चढवायचे आणि कापून समुद्रात टाकायचे. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या जहाजांवर प्रवासी हा सोहळा बघायला गर्दी करत. उद्यापासूनचं प्रत्येक पेनी आपलं, हा त्यातला आनंद. मला शँटीच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत जवळची वाटते.

तक्रारीचीही सोय गाण्यात होती. कप्तानाला तोंडावर बोललं तर शिक्षा, पण ओळीत घालून म्हटलं तर तो बहुधा ऐकून घेई, कारण काम पुढे सरकत होतं. सर्वांत स्पष्ट बोलायची जागा 'लीव्ह हर जॉनी'. प्रवास संपताना, गोदीत जहाज बांधताना किंवा शेवटचा पंप मारताना ती म्हणायची. जेवण कसं होतं, मेट कसा वागला, गळकं जहाज किती उपसलं, सगळं त्यात. प्रवासाच्या मधेच ती म्हणणं जवळजवळ बंडासारखं मानलं जाई.

मिडलवॉच

पंपाचा उल्लेख आला म्हणून: लाकडी जहाज नवं असो की जुनं, सांध्यांतून पाणी येतंच. दर पाळीला उपसावं लागे. जुन्या, जड मालाने कण्हणाऱ्या जहाजावर तर दिवसरात्र. ना डोंगर चढल्याचं समाधान, ना शीड फुगल्याचं, पाणी पुन्हा तेवढंच. इतकं कंटाळवाणं काम की त्याला कुठलीही शँटी चाले, फक्त लांब हवी. म्हणून कॅप्स्टनच्या शँटी पंपावर सर्रास येत.

स्वरवेडी

गाणी जमवली कुणी, यावरही थोडं लिहायला हवं, कारण आज आपण ऐकतो ते त्यांच्या चाळणीतून आलेलं आहे.

इंग्लंडमधली लोकगीतं जमवणाऱ्या सेसिल शार्पचा शँटीसंग्रह १९१४चा. त्यातली बहुसंख्य गाणी एकाच माणसाकडून मिळालेली, सॉमरसेटमधल्या वॉचेटचा जॉन शॉर्ट. जन्म १८३९. अमेरिकेच्या यादवी युद्धात अमेरिकन जहाजावर होता म्हणून गावात त्याला 'यँकी जॅक' म्हणत. शार्प भेटला तेव्हा पंचाहत्तरीचा. एका म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीवर केवढा डोलारा उभा आहे पाहा. आज वॉचेटच्या बंदरावर त्याचा पुतळा आहे.

मला मात्र जोआना कोलकॉर्डबद्दल विशेष आपुलकी आहे. ती कप्तानाची मुलगी, १८८२ साली जहाजावरच, समुद्रातच जन्मली. बालपण बापाच्या जहाजावर गेलं, म्हणजे शँटी तिने संग्राहक म्हणून गाठल्या नाहीत, त्या तिच्या डोक्यावरच्या डेकवर रोज चालू असत. पुढे समाजकार्यात नाव कमावलं, आणि १९२४मध्ये अमेरिकन जहाजांवरच्या गाण्यांचा संग्रह काढला. 'शँटी म्हणजे पुरुषांचं जग' म्हणणाऱ्यांनी हा संग्रह आधी उघडावा.

चाळणीबद्दल. मूळ कडव्यांत शिवराळपणा भरपूर होता. शार्पपासून पुढच्यांनी तो गाळला किंवा बदलला. ह्युगिलनेसुद्धा १९६१च्या त्याच्या जाडजूड संग्रहात कडवी सौम्य केली आणि तसं केल्याचं सांगितलंही. शाळेत मुलांना शिकवायला म्हणून पियानोच्या साथीने बसवलेल्या शँटी ऐकल्या की मला वाईट वाटतं. शिव्या गेल्या याचं एवढं नाही, ओढायची जागाच बुजवून टाकली याचं.

उत्तरवारा

+१. जेम्स मॅडिसन कार्पेंटरच्या ध्वनिमुद्रणांबद्दल कुणीतरी लिहा.

स्वरवेडी

लिहिते. कार्पेंटर हार्वर्डचा. १९२० आणि ३०च्या दशकांत ब्रिटनमधल्या बंदरांत फिरून त्याने म्हाताऱ्या खलाशांचे आवाज मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेतले. ऑफिसात पत्र सांगून टाइप करून घ्यायचं डिक्टाफोन यंत्र असे, तेच घेऊन तो हिंडला. त्याचा साठा १९७२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. आवाज खरखरतो, शब्द अर्धे कळत नाहीत. पण ते लोक खरोखर दोर ओढलेले आहेत, आणि त्यांच्या गाण्याला आजच्या पबमधल्यासारखी घाई नाही. हेल लांब, मधे आवाज फाटतो, सुटतो, तो मुद्दामचा. वाऱ्यात ऐकू जावा म्हणून.

तारवटी

गोव्याहून. आमच्या घरात दोन पिढ्या जहाजावर होत्या, आजोबा आणि त्यांचा भाऊ. दोघे सलूनमध्ये स्टुअर्ड. तो काळ वाफेचा. आपले लोक या गोष्टीत कुठे बसतात हे जाणून घ्यायला आवडेल.

गलबत

तारवटी, धाग्यावर स्वागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिडांच्या जहाजांवरही हिंदुस्थानी खलाशी होते. सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि त्याच्या हाताखालचा तांडेल, ही रचना तेव्हाचीच. पण मोठ्या संख्येने भरती झाली ती वाफेच्या काळात: रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी, बंगाल-सिल्हेटचे आगवाले (भट्टीत कोळसा टाकणारे), गोव्याचे स्टुअर्ड आणि स्वयंपाकी. म्हणजे आपली माणसं मोठ्या प्रमाणावर जहाजावर चढली तेव्हा शँटीचं काम वाफेची विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, करू लागली होती. तरी ह्युगिलच्या संग्रहात 'एकी दुमा' नावाचं एक हिंदुस्थानी-मिश्र गाणं आहे. ते इंग्रज खलाशांनी आपल्या लोकांकडून ऐकून उचललेलं.

तारवटी

मुंबईत धोबीतलावजवळ आमच्या गावाचा कुड्ड होता. जहाज सुटेपर्यंत खलाशांनी राहायची जागा, प्रत्येक गावाची वेगळी. आजोबा सांगायचे, संध्याकाळी सगळ्यांनी जमून प्रार्थना गायची, चुकवायची नाही. ट्रंक भिंतीशी रचलेल्या, त्यांच्यासमोर वीस-तीस पुरुषांचा एकत्र आवाज. ही कामाची गाणी नव्हेत हे कळतं, पण खलाशांचं गाणं म्हणून इथे नोंद राहू दे.

मिडलवॉच

राहू दे काय, राहिलीच पाहिजे. तारवटी, जमलं तर यावर वेगळा धागा काढा. त्या प्रार्थना कुठल्या, चाली कुठल्या, आता म्हणणारे किती उरले, सगळं लिहा. ही माणसं जायच्या आत कुणीतरी ध्वनिमुद्रण करायला हवं.

खाडीकाठ

शेवट कसा झाला? वाफ आली आणि लगेच बंद पडलं का?

गलबत

लगेच नाही. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला. तांबड्या समुद्रातला वारा शिडांना धार्जिणा नाही, त्यामुळे चीनच्या चहाचा जवळचा रस्ता फक्त वाफेला मिळाला. शिडाची जहाजं लांबच्या, स्वस्त मालाकडे वळली: ऑस्ट्रेलियाची लोकर आणि गहू, चिलीचं नायट्रेट. डेकवर वाफेची छोटी विंच बसली, नांगर ती उचलू लागली. शँटी मागे मागे सरत गेली. 'गार्थपूल' हे ब्रिटनच्या शेवटच्या व्यापारी शिडाच्या जहाजांपैकी एक, १९२९मध्ये केप व्हर्डेपाशी फुटलं. त्याच्यावर तरुण ह्युगिल होता. नंतर दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता, आणि पुढे वेल्समध्ये पोरांना दर्यावर्दीपणा शिकवायला लागला. फिनलंडच्या ऑलंड बेटांतल्या गुस्ताफ एरिकसनच्या कंपनीची जहाजं १९४९पर्यंत ऑस्ट्रेलियाचा गहू शिडांवर आणत होती.

निमा

मग 'वेलरमन' नक्की काय आहे? पहिल्याच वाक्यात तुम्ही नाव घेतलंत आणि सोडून दिलंत.

गलबत

निमा, बरोबर पकडलंत. ते न्यूझीलंडचं व्हेलच्या शिकारीचं कथागीत आहे. वेलर बंधूंनी १८३१मध्ये ओटागोला किनाऱ्यावर व्हेल कापायचं ठाणं काढलं. त्यांचं जहाज रसद आणायचं, म्हणून 'साखर, चहा आणि रम'. गाणं छापून आलं १९७३ला. कुठल्या दोराला ते जुंपलं होतं असा पुरावा नाही, म्हणून ते कामानंतरच्या गाण्यांच्या बाजूला ठेवावं. नेथन एव्हान्स या स्कॉटिश पोस्टमनने ते म्हटलं आणि टाळेबंदीत घरात अडकलेल्या माणसांनी एकावर एक आवाज चढवत नेले. त्यात सगळ्यांनी साद द्यायची ऊर्मी तर खरीच होती, त्याला मी नावं ठेवणार नाही.

निमा

मी मुलांचं शिबिर घेते, गडावर. रस्सीखेच असते, आणि पाण्याचं पिंप दोराने वर चढवायचं असतं. त्यासाठी मराठीत काही करता येईल? 'जोर लगा के हैशा' तर आहेच, पण ते दोन ओळींतच संपतं.

मिडलवॉच

पिंप चढवायचं म्हणजे हॅलयार्डच. रस्सीखेचीला उपयोग नाही, तिथे सतत ताण हवा. पिंपासाठी असं करा: ओळ एकाने म्हणायची, साधारण चार ठोक्यांची. त्या वेळात मुलांनी हात पुढे घ्यायचे, मागच्याने दोर खुंटाला धरून ठेवायचा, नाहीतर पिंप खाली. सादेत दोन ठोस अक्षरं हवीत, त्यांवर ओढ. पहिल्यांदा ओझं न लावता पाच मिनिटं नुसता दोर ओढून बघा. मुलं नेहमी ओळीवरच ओढायला लागतात. ती सवय मोडली की मग पिंप बांधा. हातमोजे घालायला लावा.

स्वरवेडी

करून बघते. साद: 'हे हो, ओढा हो!' ओढ 'हे'वर आणि 'ओ'वर.

पहाटे सुटलो बंदरातून
— हे हो, ओढा हो!
चुली पेटल्या घराघरातून
— हे हो, ओढा हो!
मेट म्हणाला, शीड चढू दे
— हे हो, ओढा हो!
भाकर कच्ची, पाणी कडू दे
— हे हो, ओढा हो!

मिडलवॉच

चालेल! टाळी वाजवून म्हणून बघितलं, श्वासाला जागा पुरते. आणखी दहा-बारा ओळी लागतील, पिंप तेवढ्यात वर येणार नाही. प्रत्येकाने एक ओळ टाका.

पाऊलखुणा

दोर ओला अन् हात सोलले
— हे हो, ओढा हो!

तारवटी

ट्रंकेमध्ये पत्र राहिले
— हे हो, ओढा हो!